सावली मोकळी

राहत्या इमारतीच्या डोक्यावर आणखी तीन मजले चढवायचे आणि खाली कुणाच्या चहात भुकटीसुद्धा पडू द्यायची नाही, असल्या कामावर मृणाल रेडीज चिपळूणहून कोल्हापुरात आली, तेव्हा तिला पहिली अट सांगण्यात आली ती राहण्याची. वजनं उचलायचा हुकूम ज्याच्या हातात, त्यानं त्याच इमारतीत, सगळ्यांत वरच्या राहत्या मजल्यावर बिऱ्हाड करायचं. वरून काही पडलंच तर ते आधी आपल्या अंथरुणावर पडेल, हे हुकूम देणाऱ्याच्या ध्यानात राहावं म्हणून हा नियम. तो करणाऱ्याला माणसं चांगली ठाऊक असावीत.

झालं होतं असं, की पंचगंगेची नवी पूररेषा आखली गेली आणि नदीकाठची हजारभर कुटुंबं त्या रेषेच्या आत सापडली. त्यांना घरं द्यायची तर शहरात मोकळी जागा नाही, आणि शेतं बुजवायला कुणी तयार नाही. मग वर जायचं ठरलं. चांगल्या बांधणीच्या जुन्या इमारती निवडायच्या, पाया आणि खांब आणखी मजबूत करायचे आणि माथ्यावर कारखान्यात तयार केलेल्या हलक्या खोल्या नेऊन ठेवायच्या. खोली नळ-दिव्यांसकट यायची. क्रेन ती उचलायची, गच्चीवर ठेवायची आणि माणसं बोल्ट आवळायची. खालच्या लोकांना घर सोडावं लागत नव्हतं, शिवाय बदल्यात नवी कोरी लिफ्ट मिळणार होती. 'शिवप्रभा अपार्टमेंट'मधले लोक लिफ्टसाठी वाट्टेल ते सोसायला तयार होते.

प्रश्न एकच होता. हलकी म्हटली तरी खोली चार टनांची. ती डोक्यावरून जात असताना खाली कुणी असता कामा नये.

त्यासाठी 'कानोसा' होता. घरात कॅमेरे कुणालाच नको होते, आणि ते बरोबरच होतं. म्हणून फरशीलाच कान दिले. प्रत्येक घराच्या फरशीवर कागदाइतका पातळ लेप चढवला. त्या लेपात कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू, आणि त्या तंतूंमधून सतत वाहणारा अगदी बारीक वीजप्रवाह. पाऊल पडलं की फरशी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, तंतूंमधलं अंतर बदलतं आणि प्रवाह किंचित अडखळतो. ते अडखळणं कानोसा टिपायचा. पहिले एकवीस दिवस तो नुसता ऐकत बसला. कोण टाच घासतं, कोण दणादणा चालतं, कुणाचा डावा पाय उजव्यापेक्षा हलका पडतो, हे सगळं त्यानं पाठ केलं. माणूस खुर्चीत गप्प बसला तरी सुटका नव्हती. बसलेला माणूस श्वास घेतो, मांडी बदलतो, आणि खुर्चीचे पाय त्याची चुगली फरशीकडे करतात.

लटकत्या वजनाच्या खाली जो भाग येतो त्याला या धंद्यात 'सावली' म्हणत. सावली दोन मजले खोल मोजायची. तिच्यात कुणाची चाहूल नाही, आणि घरातल्यांनी दाराशेजारचं बटण दाबून आपण निघाल्याचं कळवलं आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की कानोसा हिरवा दिवा लावायचा. मग मृणाल वायरलेसवर म्हणायची, "सावली मोकळी," आणि क्रेनवरचा जावेद मुल्ला वजन आत घ्यायचा. त्या बटणावर आधी 'गेलो' असं छापलेलं होतं. इमारतीतल्या वडीलधाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत त्याला हरकत घेतली. घराबाहेर पडताना असलं अभद्र कोण बोलतं? शेवटी कंपनीनं सगळी बटणं बदलून त्यांवर 'येतो' असं छापून दिलं. कोल्हापुरात बायकाही स्वतःबद्दल 'येतो'च म्हणतात, त्यामुळे तेवढ्यावर भागलं.

चौथ्या मजल्यावर दोनच घरं होती. पश्चिमेला वैशाली मगदूम राहायच्या. वय चौसष्ट, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून बंगळूरला. मृणाल त्यांच्याकडेच राहत होती आणि त्यांना काकू म्हणत होती. समोर पूर्वेला शैलेश सरनोबत. वय अडुसष्ट, तेही एकटेच. एका साखर कारखान्याची कामगारांची बस त्यांनी बत्तीस वर्षं चालवली होती आणि एवढ्या वर्षांत कोंबडीलासुद्धा धक्का लावला नव्हता. हे ते स्वतः सांगायचे, आणि कोंबडीच सांगायचे, नेहमी.

पूर्वेकडचं काम आधी होतं. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा शैलेशकाकांनी घर रिकामं करायचं. जुनी लिफ्ट बंद, काकांचे गुडघे बसच्या क्लचनं खाल्लेले, तेव्हा तळमजल्याच्या हॉलपर्यंत उतरण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी समोरच्या घरात जाऊन अर्धा तास बसावं असं ठरलं.

पंधरा वर्षांचा शेजार, पण जाणं-येणं सणासुदीपुरतं. पहिल्या दिवशी काकूंनी चहा केला. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर भडंग आलं. तिसऱ्या दिवशी कांदाभजी.

"वहिनी, कशाला उगं तरास घेताय?" काका खुर्चीच्या अगदी टोकावर बसून म्हणायचे.

"तरास कसला? घोटभर चहा तर हाय," म्हणून काकू कमरेवर हात ठेवून, ओट्याचा आधार घेत उठायच्या. त्यांची कंबर जुनी दुखरी होती. उठताना तोंडातून नकळत 'आई गं' निघायचं. काका ते ऐकायचे आणि खुर्चीच्या आणखी टोकाला सरकायचे.

मृणाल त्या वेळी वर गच्चीवर असायची. संध्याकाळी उरलेली भजी तिच्या वाट्याला यायची आणि ती खुशीत असायची. या दोन माणसांवर तिचा जीव जडला होता. काका तिला 'ड्रायव्हरीणबाई' म्हणायचे. एका रविवारी ते तिला दारात भेटले, तेव्हा म्हणाले, "लई भारी चालवायलीस बघ. वर काम चाललंय असं वाटतबी न्हाई." ते बोलणं तिनं दिवसभर मनात घोळवलं. साहेबांच्या कौतुकापेक्षा तिला ते मोठं वाटलं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता आठव्या न्हाणीघराची तयार खोली वर चढत होती. वारा बेताचा. जावेदनं खोली गच्चीच्या उंचीवर आणली आणि क्रेनचा हात हळूहळू इमारतीकडे वळायला लागला. मृणालच्या हातातल्या, कानोशाचे दिवे दाखवणाऱ्या डिजिटल पाटीवर चौथा मजला पूर्व, तिसरा मजला पूर्व, दोन्ही रिकामे. हिरवा दिवा. ती "सावली मोकळी" म्हणून मोकळी झाली होती, तेवढ्यात फोन वाजला. काकू कामाच्या वेळी कधी फोन करत नसत.

"मृणाल, एक विचारतो, रागावू नकोस हं. शैलेशभाऊजी माझ्यावर रुसलेत काय गं?"

"का हो काकू?"

"सहा दिस झाले, आलेच न्हाईत. मला वाटलं भजी तेलकट झालती, त्याचं मनाला लावून घेतलं. मी पण मग बोललो न्हाई. पण आज शिरा केलाय, म्हणून हॉलमध्ये फोन लावला. तर तिथली म्हणत्यात, ते इकडं कधी आलेच न्हाईत."

मृणालनं पाटीकडे पाहिलं. काकांच्या घरात कुणी नाही, असं कानोसा छातीठोकपणे सांगत होता. सहा दिवस सांगत होता. मग काका सहा दिवस जात कुठे होते? गुडघे तसले. खोली गच्चीच्या कडेपासून आता दोन हात राहिली होती.

असा थांबा घ्यायला कारण लागतं. कानोसा हिरवा असताना थांबवलं तर तो 'विनाकारण थांबा' म्हणून नोंदला जातो, आणि महिन्यात तीन झाले की काम बंद, चौकशी, आणि हुकूम देणाऱ्याचा परवाना पणाला. मृणालचे दोन होऊन गेले होते. एकदा पतंगाच्या मांज्यामुळे, एकदा तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी पिठाचा डबा पडला म्हणून. हे सगळं तिला आठवलं, पण नंतर. आधी तिनं पाटीवरचं थांब्याचं लाल बटण दाबलं.

"जावेदभाई, थांबा! मागं घ्या. खाली घ्या."

"दिवा तर हिरवा आहे, मॅडम."

"असू दे हिरवा. खाली घ्या तुम्ही."

खोली जमिनीला टेकल्याचा आवाज आला, तोपर्यंत ती जिन्यात होती. काकांचं दार नुसतं लोटलेलं. तिनं ते ढकललं आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.

शैलेशकाका झोपाळ्यावर बसले होते. मांडी घातलेली, मांडीवर पेपर, हातात काठी. काठीचं टोक दाराशेजारच्या बटणापर्यंत बरोबर पोचत होतं. झोपाळ्याच्या कड्या थेट छतात अडकवलेल्या. फरशीला त्या माणसाचा कुठेच स्पर्श नव्हता, आणि कानोसा ऐकत होता फक्त फरशीचं. त्याच्या लेखी ते घर रिकामं होतं. एवढे शिकलेसवरलेले लोक बसून यंत्र करतात, पण कोल्हापुरातल्या घरात झोपाळा असतो हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मृणालच्याही नाही, आणि ती तर रोज समोरच राहत होती.

"ये की," काका ओशाळून म्हणाले. "थांबवलंस व्हय?"

"काका, किती दिवस?"

"आता कशाला उगं..."

"किती दिवस?"

"पयल्या दिवशी चुकून झालं बघ. बटण दाबलं, काठी हुडकाय लागलो, गुडघ्यात कळ आली म्हणून जरा पाय वर घेऊन टेकलो इथं. तर वरनं वजन गेलंसुद्धा. मशीनला पत्त्याच न्हाई. मग म्हटलं, बरंच झालं की." त्यांनी आवाज खाली आणला. "ती माउली दरवेळी कंबर धरून उठती गं. दिसातनं चार वेळा. माझ्यापायी. मला घास उतरत न्हाई. आणि जात न्हाई म्हणून तोंडावर सांगायचं कसं? वाईट दिसतंय ते."

मृणालनं उंबऱ्यावरूनच वर छताकडे पाहिलं. एकोणीस. तिनं मनातल्या मनात मोजलं होतं. या सहा दिवसांत तिनं या माणसाच्या डोक्यावरून एकोणीस वजनं नेली होती आणि एकोणीस वेळा 'सावली मोकळी' असं खणखणीत आवाजात सांगितलं होतं.

"पडलं असतं तर?" तिनं विचारलं.

"पडतंय कुठलं? तू चालवत असताना?" काका अगदी मनापासून म्हणाले. "माझा विश्वास हाय तुझ्यावर."

त्यावर ती रडायला लागली. रागानंच रडायला लागली. "नको मला असला विश्वास! मी तुम्हाला बघून चालवत नव्हते, काका. तुम्ही नाही असं समजून चालवत होते. तुम्ही इथं बसलाय हे ठाऊक असतं तर माझा हात तरी उचलला असता का? मला न विचारता तुम्ही मला तुमच्या डोक्यावर उभं केलंत."

काकांनी पेपरची घडी केली. ती बराच वेळ करत राहिले. मग झोपाळ्यावरून पाय खाली सोडले, आणि वर गच्चीवर मृणालनं टाकून दिलेल्या पाटीवर चौथा मजला पूर्व लाल झाला असणार.

"आमच्या कारखान्यावर भीमराव म्हणून ड्रायव्हर होता," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. एकदा दुपारी यार्डात गाडी मागं घेत होता. क्लीनर मागं हुबा, पत्र्यावर थाप मारून 'येऊ द्या, येऊ द्या' करायलेला. आणि मागच्या चाकाच्या सावलीला वॉचमन जेवाय बसलेला. ओरडला न्हाई. गाडी थांबल आपोआप, कशाला लोकांचा खोळंबा, असं वाटलं असंल त्याला." काकांनी काठी बाजूला ठेवली. "भीमरावाला कुणी बोल लावला न्हाई. चौकशीत सुटला. पण परत स्टिअरिंगला हात लावला न्हाई त्यानं. त्याच्या घरी जाऊन बसायचो मी. तो नुसता तळहात बघत असायचा."

मग त्यांनी मृणालच्या हातांकडे पाहिलं.

"माझं सोड. माझं झालंय जगून," ते म्हणाले. "पण मी तुला भीमराव करणार होतो की गं पोरी."

थांब्याचं कारण तासाभरात लिहून पाठवायचं होतं. मृणाल गच्चीवरून पाटी घेऊन आली आणि काकांच्या सोप्यातच बसून ते लिहायला लागली. काकांनी चष्मा लावला आणि तिच्या खांद्यावरून वाचलं.

"वाऱ्याचा वेग वाढल्याची शंका? वारं कुठं हाय?"

"खरं लिहिलं तर तुम्हाला घर सोडावं लागेल," मृणाल म्हणाली. "यंत्राला फसवलं की काम संपेपर्यंत त्या माणसाला बाहेर ठेवतात. सात महिने. शहराच्या पार टोकाला एक वसतिगृह आहे कंपनीचं. तिथं तुम्हाला एकटं ठेवू मी?"

"आणि हे लिहिलंस तर?"

"परवाना जाईल कदाचित. मिळेल दुसरं काही काम."

"पुस ते," काका म्हणाले. "सहा दिस मी मशीनला खोटं सांगितलं. आता तू माणसांना सांगणार? आण इकडं." त्यांनी पाटी ओढून घेतली आणि एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, स्वतःच्या नावानं लिहिलं. झोपाळा, काठी, सहा दिवस, सगळं. शेवटी लिहिलं, 'हुकूम देणाऱ्या बाईंची काहीही चूक नाही. त्यांनी मला वाचवले आहे.' बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा जबाब होता तो. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

सोमवारी चौकशीला परवाना खात्याच्या इनामदार मॅडम आल्या. काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी झोपाळ्याच्या कड्या हातानं ओढून पाहिल्या, काठीची लांबी मोजली आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. पुढे कानोशाच्या नियमांत एक नवं कलम आलं, की छताला टांगलेल्या प्रत्येक वस्तूच्या कडीलाही लेप लावावा. पण त्या दिवशी मॅडम काकूंच्या घरी बसून एवढंच म्हणाल्या, "रेडीज बाईंचा थांबा सकारण धरते. परवान्याला धक्का नाही. सरनोबतांचा प्रश्न आहे. एक तर त्यांनी वसतिगृहात जावं. नाही तर प्रत्येक वजनाच्या वेळी ते घराबाहेर आहेत याची कुणीतरी हमी घ्यावी. डोळ्यांनी बघून. यंत्राच्या भरवशावर नाही."

"मी जातो वसतिगृहात," काका घाईनं म्हणाले. "कुणाला तरास नको."

"परत तरास!" काकू ओट्याजवळून ओरडल्या. ज्या आवाजात त्या बोलल्या तो मृणालनं कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला कुणी सांगितलं मला तरास होतोय म्हणून? विचारलं एकदा तरी? डॉक्टर वर्षभर बोंबलत होता, बसून राहू नका, उठा, हला. एकटीसाठी कढई कोण चढवतंय हो? चार बिस्किटं खाऊन दिवस काढत होतो मी. तुम्ही यायला लागला तवा पहिल्यांदा रवा आणला घरात. मी आई गं म्हणतो ती माझी सवय हाय. आणि तुम्ही ते ऐकून छपराखाली मराय बसला?"

काका खुर्चीच्या टोकावर होते. ते हळूहळू मागे सरकले आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसले.

"कुठं सही करायची मॅडम, दाखवा," काकू म्हणाल्या. "ह्यांची हमी माझ्याकडं. आणि एक वजन जरी चुकवलं तर मी स्वतः वसतिगृहात नेऊन सोडतो ह्यांना."

इनामदार मॅडमनी कागद पुढे केला. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी काकूंचा शिरा दोनदा घेतला.

काम पुन्हा सुरू झालं ते दहा दिवसांनी. मृणाल गच्चीवर उभी होती. तेच आठवं न्हाणीघर साखळ्यांना लटकत वर आलं. पाटीवर पूर्वेचे दोन्ही मजले रिकामे, दिवा हिरवा.

"मॅडम?" वायरलेसवर जावेद म्हणाला.

"थांबा जरा."

एक मिनिट गेलं. दोन गेली. खाली रस्त्यावर नदीकाठची दोन-तीन माणसं आपलं होणारं घर बघायला मान वर करून उभी होती. मृणालचा हात वायरलेसच्या बटणावर होता. पूर्वी हिरवा दिवा दिसला की तिला निवांत वाटायचं. आता ते निवांतपण परत कधीच येणार नव्हतं, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

फोन वाजला. "आलेत गं," काकू म्हणाल्या. "माझ्या डोळ्यासमोर हायत."

"बसलेत ना?"

"बसतायत कसले! मला बसवलंय खुर्चीत आणि स्वतः ओट्यापाशी हुबे हायत. आजचा चहा मी करतो म्हणत्यात."

मागून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग काकांचा, घरातल्या माणसानं विचारावं तसा, जरासा वैतागलेला आवाज.

"वैशालीवहिनी, साखर कुठं ठेवता हो तुम्ही?"

मृणालनं डोळे पुसले, वायरलेस तोंडाशी धरला आणि जावेदला वजन आत घ्यायला सांगितलं.